काठी आणि खापरावरचा मांडा

२०२४ साल. मला एकाहत्तरावं चालू होतं. माझ्यासाठी बोललेला नवस फेडायला मी डिंडोलीहून एकटा निघालो.

नवस बायकोचा, सुभद्राचा. फार वर्षांपूर्वी माझा उजवा हात लूमच्या (यंत्रमागाच्या) पट्ट्यात सापडला. हात वाचला तर मांडवीकडच्या जंगलातल्या मारुतीपाशी वानरांना मांडा (खापरावर भाजलेली मोठी पुरणपोळी) चारू, असं ती बोलून बसली. रीत अशी की ज्याच्यासाठी नवस, त्यानेच आपल्या हाताने चारायचा. मी म्हणायचो, हात डॉक्टरने वाचवला, माकडांपुढे मी जाणार नाही. आता तिचं अर्धं अंग गेलं. नवस फिटल्याशिवाय अन्न शिवणार नाही म्हणाली. दोन दिवस नुसतं पाणी.

शेजारणीने मांडे करून दिले. पर्वत पाटियाला बस मिळाली. चलथाणला साखर कारखान्याच्या मळीचा वास बसभर झाला, पुढे ऊस, मग पानगळ झालेला साग. उतरल्यावर अर्धा कोस चढ. काठी होती म्हणून पोचलो.

देऊळ एवढंसं. कौलांवर काळ्या तोंडाची वानरं. पोराबाळांच्या हातचं घेऊन जात होती. मी मांडा पुढे केला. एक मोठं वानर जवळ आलं, थबकलं, मागे फिरलं. असं तीनदा झालं.

पायरीवर चणे विकणारी गुजराती बाई हसली. "दादा, लाकडी मूकी दो. तमाराथी बीए छे." (काठी ठेवा. तुम्हालाच भितात.)

"चाळीस वर्षं लूम चालवला मी. तू मला माकडं शिकवू नको."

"तो ऊभा रहो सांज सुधी." (मग राहा उभे संध्याकाळपर्यंत.)

काठी सोडली की मी डुलतो. लोकांसमोर पडायचं नव्हतं. शेवटच्या बसपर्यंत हात पुढे धरून उभा राहिलो. मांडा वाळला. कोणी घेतला नाही.

घरी सुभद्रा जागीच होती. "खादं का त्यासनी?" (खाल्लं का त्यांनी?)

खोटं मी जन्मात बोललो नाही. "नाही."

तिने माझ्या काठीकडे बघितलं. "तुमना हातमा काठी व्हती ना?"

तिने तोंड भिंतीकडे केलं.

एवढा प्रवास करून मला एकच कळलं, माझा हात तिने वाचवला आणि मी तो तिच्या कामी आणला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी दाराबाहेर ठेवली. भिंत धरत तिच्या खाटेपाशी गेलो, खाली बसलो आणि उरलेल्या मांड्याचा तुकडा उजव्या हाताने तिच्या तोंडाशी धरला. तिने तोंड उघडलं नाही. मी हात खाली घेतला नाही.