जीपच्या मागच्या दारावरचं नाव

केजजवळच्या युसूफ वडगाव या गावात माझं रेडियमचं दुकान आहे, गाड्यांवर नावं चिकटवायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी रेसिंग गेमच्या गाड्या बनवतो. गेममधली परदेशी गाडी काढून तिथं आपली गाडी बसवणारी फाईल असते, तिला मॉड म्हणतात. मोठ्या भावाची वडापची, म्हणजे सीट भरून प्रवासी नेणारी जीप मी हुबेहूब बनवली आणि नेटवर टाकली. टाकण्याआधी व्हायरस आहे का, ते तीनदा तपासलं. माझ्यामुळं कुणाच्या कॉम्प्युटरला काही होऊ नये, याची लई काळजी मला! मोठा शहाणाच की मी.

पंधरा दिवसांनी वहिनी घाबरीघुबरी होऊन दुकानात आली. जीपच्या भाड्याचे फोन तीच घेते. कुण्या माणसानं फोन करून माझ्या सात वर्षांच्या पुतणीचं नाव घेतलं होतं. "कोणत्या शाळेत जाती ती?" असं विचारत होता. वहिनीनं फोन कट केला, तर लगेच पुन्हा आला.

दादाला वाटलं, हे स्टँडवरच्या एका ड्रायव्हरचंच काम. सीट भरायच्या नंबरावरून दोघांचं वाकडं होतं. दादा टायर खोलायची लोखंडी टॉमी घेऊन निघाला, मी कंबरेला मिठी मारून कसाबसा धरला त्याला. तेवढ्यात फोन वाजला. वहिनीनं स्पीकर लावला. तोच आवाज, हसत म्हणाला, "नावाशेजारचा मोर लई भारी काढलाय बे."

"कसला मोर?" दादा म्हणाला. "आपल्या गाडीवर मोर न्हाई."

मोर फक्त गेममधल्या जीपवर होता. पुतणी हट्टच धरून बसली, म्हणून मी काढलेला. आणि त्याच्या शेजारी तिचं नाव, गावाचं नाव, भाड्यासाठीचा मोबाईल नंबर. खऱ्या जीपचं रेडियम ज्या फाईलवरून कापलं, तीच मी गेमच्या जीपवर तशीच्या तशी चिकटवली होती. आमच्याकडं सगळेच गाडीवर लेकरांची नावं टाकतात, त्यात काय एवढं, असंही वाटलं नव्हतं. डोक्यातच आलं नाही.

"दादा, हे माझ्यामुळं झालंय," म्हणालो आणि सगळं सांगितलं. त्यानं टॉमी खाली ठेवली. दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मॉड मी काढून टाकला, पण तोवर दुसऱ्यांनी उचलून आपापल्या पानांवर टाकला होता. एकेकाला हात जोडून मेसेज केले. काहींनी काढला, काहींनी उत्तरच दिलं नाही. फोन नंबर बंद केला, पोलिसांत तक्रार दिली, जीपवरचं नाव ब्लेडनं खरवडलं. तो माणूस कोण, कुठला, शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून रोज शाळा सुटताना दादाच पुतणीला आणायला जायचा.

एके दिवशी दादाची जीप केजला बंद पडली, म्हणून पुतणीला आणायला मी गेलो. फाटकातून नावानं हाक मारली. ती वळली, मला पाहिलं आणि बाईंच्या मागं जाऊन त्यांचा पदर धरला.

"अगं, काका हाय मी!"

"पप्पांनी सांगितलंय," ती रडवेली होऊन म्हणाली, "नाव घेऊन कुणीबी बोलवलं तरी जायचं न्हाई. काकानं बोलवलं तरी."