जुन्या कंपनीचं कार्ड

गाडी पुढे जायची होती, ती मागे आली.

गाडी म्हणजे फोर्कलिफ्ट, कारखान्यात माल उचलायची. तिच्या मागे आरतीची ताटं घेऊन बायका उभ्या होत्या आणि जरा कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी बसले होते. गाडीवर माझी सून होती. बॅटरीची गाडी, आवाज काही नाही. झेंडूच्या माळा घातलेलं तिचं लोखंडी बूड नुसतं मोठं मोठं होत आलं. सुनेनं मान वळवून पाहिलं आणि बायकांना चुकवायला स्टेअरिंग गर्रकन फिरवलं. बायका वाचल्या. गाडीचं बूड माझ्याकडे वळलं.

मला उठता आलं नाही. माझे गुडघे गेलेत, खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हात टेकावे लागतात, आणि एका हातात पेढा होता. पेढा टाकावा हेसुद्धा सुचलं नाही. कुणीतरी मागून खुर्चीची पाठ धरून हिसका दिला. मी फरशीवर आदळले. खुर्ची फुटल्याचा आवाज झाला आणि त्याच्या मागोमाग एक माणूस ओरडला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कंपनीचा वॉचमन, आमच्या भावकीतला, नात्यानं माझा दीर. हिसका देणारा तोच, आणि खुर्ची तिथं मांडून मला बसवणाराही तोच होता.

तो दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी औजारांची पूजा होते. पूर्वी कोयते, कुदळी, नांगर पुजायचे. आता पुण्याजवळच्या आमच्या भरे-उरवड्याच्या पट्ट्यात कारखाने झालेत, तिथं मशिनं पुजतात. फोर्कलिफ्टला हार घालतात, नारळ फोडतात, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी जराशी पुढे नेऊन ती चिरडतात. त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडतात, म्हणून मी गेले होते.

माझी सून मराठवाड्याची. तिच्या माहेरची माणसं कामासाठी जवळच्या पिरंगुटला आली आणि तिथंच माझ्या मुलाची आणि तिची ओळख झाली. लग्नानंतर ती उरवड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. तिथं बायकांना फोर्कलिफ्ट शिकवायचं ठरलं, तेव्हा हिनं सगळ्यांच्या आधी नाव दिलं. मी म्हणाले, "गाडीच चालवायची तर स्कूटी शीक, मला दवाखान्यात तरी नेशील." ती हसली आणि फोर्कलिफ्ट शिकली. गाडी चालवायला परवानगी असल्याचं, गळ्यात घालायचं कार्ड मिळालं, फोटोचं. पहिल्या दिवशी तिनं ते देवापुढे ठेवलं. चांगलं काम होतं, तिला ते आवडत होतं, आणि कामावरून आली की तिच्या चालण्यात फरक दिसायचा.

मग ती कंपनी उरवड्यातून उठून चाकणकडे गेली. रोज तेवढं लांब जाणं जमण्यासारखं नव्हतं. हिनं भऱ्याच्या कंपनीत अर्ज केला आणि कार्ड घेऊन भेटायला गेली. तिथं सेफ्टीचं बघणारे एक साहेब आहेत, तरुणच आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. त्यांचं बोलणं तिनं मला घरी येऊन शब्दन् शब्द सांगितलं, कारण तिला ते झोंबलं होतं.

"हे कार्ड त्या कंपनीचं आहे, ताई."

"फोटो माझा हाय की."

"फोटो तुमचा, सही त्यांची. तुम्ही जे शिकलात ते तुमचंच आहे, तुम्हाला पहिलीपासून नाही बसवणार. पण आमची गाडी वेगळी, आमची फरशी वेगळी. आमच्या माणसाबरोबर काही दिवस चालवा, परीक्षा द्या, मग आमचं कार्ड देतो. तोवर चावीला हात लावायचा नाही."

घरी येऊन तिनं भांडी आपटली. "इतकी वर्षं काय मी खेळणं चालवत होते काय, आत्या? माझी काय चोरी सापडली?"

मी म्हणाले, "तू लग्न होऊन आलीस तवा पयल्या दिशी तांदळाच्या भाकरीचं काय केलंतंस?"

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिला ज्वारीची भाकरी अशी येते की मला आजवर तशी जमली नाही, पातळ आणि ताटलीसारखी गोल. पण आमच्याकडे तांदूळ पिकतो, तांदळाचीच भाकरी. त्या भाकरीला आधी पिठाची उकड काढावी लागते. हिनं पीठ गार पाण्यात मळलं, ज्वारीसारखं थापलं, आणि तव्यावर टाकताना त्याचे तुकडे झाले. दारात माणसं जेवायला बसली होती.

"सगळे हसले व्हते मला," ती म्हणाली.

"हसले. मेलीस का? उकड काढायला शिकवली, शिकलीस. मंग हितं कशाला फुरंगटून बसतीस?"

माझं म्हणणं तिला पटलं नाही, पण नोकरी घेतली. शिकवणारा माणूस सुटीवर होता. तो दसऱ्यानंतर येणार होता. तोवर तिला पॅकिंगला बसवलं. जिनं ट्रक भरले ती खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होती. गेटवर माझा दीर तिला चिडवायचा. "काय ऑपरेटरबाई, आज किती टन चिकटपट्टी उचलली?" ती त्याला हात जोडून पुढे जायची. परीक्षेत नापास केलं तर आयुष्य चिकटपट्टीत जाईल, अशी तिला भीती होती. ती मला दिसत होती. जेवताना तिचा पाय जमीन दाबत राहायचा, गाडी चालवल्यासारखा.

अशात खंडेनवमी आली. शेडचा सुपरवायझर हौशी माणूस. नारळ फोडून झाला, लिंबं ठेवून झाली, आणि त्यानं चावी हिच्यासमोर धरली.

"वहिनी, आज तुम्ही. आपल्या शेडची पहिली लेडी ऑपरेटर, फोटो काढू."

"सायबांनी चावीला हात लावू नको म्हणलंय."

"साहेब पलीकडच्या शेडच्या पूजेला गेलेत. आणि हे काय काम आहे का? लिंबावरून न्यायची फक्त. जुन्या कंपनीत नेली नाही का कधी?"

नेली होती, दर वर्षी तीच न्यायची. बायका म्हणाल्या, जा गं. दीर म्हणाला, "जा की, पोरी, चिकटपट्टीचं नाव काढून टाक." लिंबावरून गाडी नेणं याला आमच्याकडे कुणी गाडी चालवणं म्हणतच नाही. ते देवाचं काम. हिला वहिनी-वहिनी करणारा तो सुपरवायझर वाईट नव्हता आणि सूनही उतावळी नव्हती. तिनं पट्टा लावला, आरसा बघितला, सगळं शिकवलेलं केलं.

पुढे काय झालं ते तिनं मला नंतर घरात दोन चपला शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. जुन्या गाडीत पुढे-मागे जायला हाताचा दांडा होता आणि चालवायला उजवीकडे एकच पॅडल, दाबलं की चालली. या गाडीत दांडा नाही. पॅडललाच दोन बाजू. डाव्या बाजूला पाय दाबला की पुढे, उजव्या बाजूला दाबला की मागे. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचा पाय उजवीकडेच पडला, आणि गाडी मागे सुटल्यावर घाबरून तो आणखीच दाबला गेला. आणि जुनी डिझेलची गाडी मोठी, सुस्त, वळायला वेळ घ्यायची. ही जागच्या जागी फिरते. बायकांना चुकवायला तिनं जुन्या गाडीला लागेल तेवढं स्टेअरिंग फिरवलं, आणि या गाडीला ते फार झालं.

माझं मनगट मोडलं. दिराचा पाय घोट्यापाशी चिरडला. त्याला कंपनीच्या जीपमध्ये घालून आधी पिरंगुटला आणि तिथून पुण्याला नेलं. सून गाडीवरून उतरली नव्हती. पट्टा काढायचाच विसरली होती, दोन्ही हात स्टेअरिंगवर. सेफ्टीचे साहेब धावत आले. त्यांनी आधी गाडी बंद केली, मग तिचा पट्टा काढला, आणि मग विचारलं, "चावी कुणी दिली?"

सुपरवायझर म्हणाला, "त्यांच्याकडे कार्ड आहे म्हणाल्या."

ती असं म्हणाली नव्हती. पण ती काही बोलायच्या अवस्थेत नव्हती. मी फरशीवर बसून होते, मनगट सुजत होतं. मी म्हणाले, "खोटं नका बोलू. ती नको म्हणत व्हती. तुमी चावी दिली, आमी सगळ्यांनी जा म्हणलं."

नंतर चौकशीला बोलावलं तेव्हाही मी एवढंच सांगितलं. पॅडलवरचा पाय हिचा होता हेही सांगितलं. सुपरवायझरला काढलं नाही, दुसऱ्या शेडला घातलं. हिलाही काढलं नाही. साहेबांनी सांगितलं, परीक्षेची वेळ तुम्ही सांगा, आम्ही थांबतो. तिनं वेळ सांगितलीच नाही. रोज जायची, चिकटपट्ट्या लावायची, यायची. कार्ड तिनं कपाटात साड्यांच्या खाली घातलं. एक दिवस भाजी निवडताना विचारलं, "आत्या, माझं कार्ड खोटं व्हतं का हो?"

"खोटं न्हवतं. तितल्या गाडीपुरतं व्हतं."

तिनं मान हलवली. समजलं की नाही ते मला कळलं नाही.

दीर दवाखान्यात होता तोवर ती रोज डबा घेऊन जायची. त्याची बायको हिच्याशी बोलत नसे, डबा मात्र घ्यायची. मी माझ्या प्लॅस्टरसकट एकदा गेले. दिराच्या पायात सळया घातलेल्या होत्या. मला बघून म्हणाला, "वयनी, पेढा खाल्ला का शेवटी?"

"पडला तितंच."

"म्हंजी पाय माझा गेला आन् पेढाबी वाया." मग तो सुनेकडे वळला. "परीक्षा कवा हाय?"

ती म्हणाली, "मी न्हाई बसायची आता गाडीवर, मामंजी. तुमचा पाय बघून पॅडलवर पाय ठिववत न्हाई."

"मंग कोण बसणार? तू न्हाई बसलीस तर उद्या असाच कुणीतरी आणिक कुणाला चावी दिईल, न शिकल्याल्याला. मला अजून एक पाय हाय, आन् गेट तितंच हाय."

दिराची बायको तोंड फिरवून हसली. तेव्हापासून ती हिच्याशी थोडं थोडं बोलायला लागली.

सुनेनं साहेबांना सांगितलं, शिकते. शिकवणाऱ्यानं तिला आधी गाडी चालूच करू दिली नाही. नुसतं बसवायचा आणि म्हणायचा, डावीकडे पुढे, उजवीकडे मागे, दाबा, सोडा. ती घरी येऊन स्वयंपाक करताना पाटावर पाय दाबायची. मी म्हणायचे, पाट मागं चाललाय बघ. पहिल्यांदा ती नापास झाली. मागे येताना हॉर्न वाजवायला विसरली. मला वाटलं आता सोडेल. ती घरी आली, भांडी आपटली, दुसऱ्या दिवशी परत गेली. दुसऱ्या वेळी पास झाली. नव्या कार्डावरचा फोटो जुन्यापेक्षा वाईट आलाय. तो काढताना ती हसली नव्हती, कपाळाला आठी तशीच आहे. जुनं कार्ड तिनं टाकलं नाही. टाकू नको असं मीच म्हणाले, ते काय चोरीचं नव्हे.

नंतरच्या खंडेनवमीला मी परत गेले. आता गाडीच्या चारही बाजूंना दोरी बांधतात आणि माणसं दोरीच्या बाहेर. आमच्या गावात काही जण म्हणाले, देवाच्या कामाला कसली दोरी. त्यांनी त्या दिवशी फरशीवर बसायला हवं होतं. चावी साहेबांनी स्वतः हिच्या हातात दिली. दीर काठी टेकत गेटवरून आला, माझ्याशेजारी उभा राहिला, आणि दोरीच्या बाहेरून ओरडला, "ऑपरेटरबाई, पाय डावीकडं!" सगळे हसले, तीही हसली. लिंबं चिरडली. गाडी हातभर पुढे गेली आणि थांबली.

खुर्ची भंगारात गेली. माझं मनगट थंडीत दुखतं, दीर काठीशिवाय चालत नाही, सून रोज सकाळच्या पाळीला गाडी चालवते. त्या दिवशी त्या फरशीवर आम्ही तिघं सापडलो होतो. तिघंही जिवंत आहोत.