यादीत नसलेलं गाव

लाखनीला घरी बसून मी डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी नोंदणीची वेब सेवा लिहिली, तेव्हा फार मिजाशीत होतो. फंक्शनल प्रकारच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली होती. तिच्यात येणाऱ्या प्रत्येक विनंतीचा साचा, म्हणजे टाइप, आधीच ठरवायचा. साच्यात न बसणारी विनंती दारातूनच परत. जेवताना बायकोला हे इतक्यांदा समजावलं की ती म्हणाली, "तुमच्या साच्यात वरण बसते का पाहा, थंडं होऊन राहिलं."

गावासाठीही टाइप होता: जिल्ह्यातल्या गावांची सरकारी यादी. यादीबाहेरचं नाव आलं की अर्ज परत. यादी मी जशीच्या तशी उचलली. वाचायचे कष्ट कोण घेतो.

माझ्या काकाजींचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. पुनर्वसनातल्या नव्या वस्तीला सरकारी नाव आहे, पण तिथलं कुणी ते सांगत नाही. गाव विचारलं की सगळे पाण्याखालचंच सांगतात. काकाजींना काचबिंदू होता, तपासणीची तारीख हवी होती. अर्जात त्यांनी तेच गाव लिहिलं.

"परत आला बाबू," ते फोनवर म्हणाले.

"नीट भरा ना काकाजी. काहीतरी चुकलं असन."

"नाव, वय, गाव. त्यात का चुकीन मी?"

असे तीन-चार फोन झाले. मी एकदाही आत पाहिलं नाही. परत गेलेले अर्ज म्हणजे माझ्या कामाची शाबासकीच वाटायची. धान कापणीच्या दिवसांत भेटायला गेलो, तर ते समोरचा चहाचा कप चाचपडत होते. दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, उजवा गेला; लवकर आणलं असतं तर राहिला असता.

घरी येऊन यादीत गाव घातलं. कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासणारा प्रोग्राम, लगेच अडला: या गावच्या पेशंटना न्यायला दवाखान्याची गाडी कुठे पाठवायची ते लिहिलेलं नाही. काकाजींना विचारलं.

"वस्तीतल्या पाण्याच्या टाकीपाशी लिही," ते म्हणाले. "आन् बाकीच्याइलेही सांग. माह्या एकट्याचाच परत आला का?"

तेव्हा पहिल्यांदा परत गेलेल्या अर्जांची नोंद उघडली. एकाखाली एक तेच गाव. एकेका नंबरवर फोन लावत बसलो. तिसऱ्या घरी सुनेनं उचलला. सासूले आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, म्हणाली, तारीख राहू द्या.