आओची डावी बाजू

तोकू घोड्याला शिकवते म्हणजे नेमकं काय करते, हे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. बघायला गेलं तर ती काहीच करत नसे. आमच्या डोंगरात चुलीसमोरच पागा असते, मध्ये फक्त एक आडवी दांडी. तोकू त्या दांडीपलीकडे शिंगराशेजारी बसून पेंढ्याचे दोर वळायची, तेही दहा-दहा दिवस. मग पाठीवर हात, मग रिकामं पोतं. मग पोत्यात वाळू, दर चार दिवसांनी ओंजळभर जास्त. तोंडानं आपली एक गुणगुण, शब्द नसलेली. अशानं वर्ष जायचं, आणि एके सकाळी पोत्याच्या जागी तोकू स्वतः असायची. शिंगराला वाटत असणार, आज वाळू जरा जास्त झाली.

तिचा बाप चाबकाचा माणूस. त्यानं मारून मारून शिकवलेला घोडा ऐन कड्यावर बिथरला आणि बापासकट खाली गेला. तोकू तेव्हा बारा वर्षांची. लग्न होऊन ती आमच्या गावात आली, तेव्हा नवऱ्यानं हौसेनं नवा चाबूक आणला. तिनं तो त्याच्यादेखत चुलीत घातला आणि त्यावर भात शिजवला. नवरा भला माणूस होता, मुकाट्यानं जेवला. पुढं तो छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नव्हतं. राहिली ती एक घोडी.

लढाई चीनच्या बाजूला पेटली त्या सालच्या शरदात गावात पहिल्यांदा कागद आला, घोडे हजर करा म्हणून. चौदा गेले. तोकूची घोडीही गेली, मागं दीड वर्षाचं शिंगरू सोडून. तोच आओ, काळा, उन्हात जरा निळसर दिसणारा. वर्ष उलटलं तरी चौदातल्या एकाचीही खबर नव्हती. तोकू दोनदा कचेरीत विचारून आली. तिथला कारकून वैतागून म्हणाला, "आजीबाई, इथं माणसांची पत्रं येत नाहीत, घोडीचं काय घेऊन बसलात?"

त्या वर्षात गावाचा आवाजच गेला. पहाटे पागांतून खूर आपटायचे नाहीत, फुरफुर नाही. रिकाम्या दांड्यांवर बायका मुळे वाळत घालायला लागल्या. वेशीवर मेलेल्या घोड्यांसाठी दगड उभा असतो, तिथं कुणी ना कुणी गाजर ठेवून यायचं, पण 'मेला' असं तोंडानं कुणी म्हणायचं नाही. पुन्हा कागद येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तोकूच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. आओला जाऊ द्यायचं नाही. आणि त्यासाठी तिनं एक डाव मनाशी धरला होता. घोडे नेले त्या दिवशी तिनं नीट पाहिलं होतं, शिपाई डावीकडून चढतात. आमच्याकडे वाडवडिलांपासून सगळं उजवीकडून. खोगीर उजवीकडून, ओझं उजवीकडून, चढायचं उजवीकडून. तरी खरारा करताना हात दोन्हीकडे फिरतोच, म्हणून डाव्या बाजूचंही घोड्याला भय राहत नाही. तोकूनं आओच्या बाबतीत तेवढंच टाळलं. डाव्या अंगाला बोट लावलं नाही. दुसरं कुणी त्या बाजूनं आलं की ती त्याला हाकलायची, आणि तिच्या आवाजातली भीती घोडा बरोबर उचलायचा.

कानजिरो, घोड्यांचा दलाल, तोंडाचा फाटका. एकदा चहाला आला आणि पागेकडे बघत राहिला. "तोकूकाकू, ह्याची एक बाजू आरशासारखी आणि दुसरीवर गेल्या हिवाळ्याचा चिखल. अर्धाच घोडा पाळताय की काय?"

"दुसरा अर्धा तू पाळ. चहा घे आणि सूट."

कानजिरोनं कप खाली ठेवला. आवाज उतरवून म्हणाला, "माझ्या लक्षात आलं ते त्यांच्या लक्षात येणार नाही? घोडे तपासायला फौजेचा डॉक्टर येतो, गाढव नाही."

"बिथरणारा घोडा त्यांना कशाला हवा?"

कानजिरो उठला. जाताना मात्र त्यानं आओच्या चिखलाच्या बाजूकडे एकदा वळून पाहिलं.

कागद आला. तपासणी देवळाच्या पटांगणात. आओचा नंबर आला, एक शिपाई खोगीर घेऊन डावीकडून गेला आणि पुढच्या क्षणी खोगीर एकीकडे, शिपाई दुसरीकडे. दोघांनी धरलं, दोघांना झटकलं. तोकू खाली मान घालून उभी होती. आत कुठंतरी तिला हसू फुटत होतं, दाबायचं म्हटलं तरी.

डॉक्टर, म्हणजे फौजेचा कप्तान, बारीक चष्म्याचा माणूस, आओभोवती शांतपणे फिरला. उजवीकडून गेला तर आओ गाईसारखा उभा. डावीकडून गेला तर डोळे पांढरे. पुन्हा उजवीकडे. मग तो तोकूकडे वळला. "हात चांगला आहे तुमचा, बाई. अर्ध्या घोड्यावर इतका सुंदर हात मी पाहिला नाही." आणि कारकुनाला म्हणाला, "पाय उत्तम, छाती उत्तम. घ्या."

"पण तो चढू देत नाही, साहेब," तोकूच्या तोंडून निघून गेलं.

"छावणीत शिकेल. पाचव्या दिवशी स्टेशनवर आणा."

पडलेला शिपाई गुडघा चोळत होता. पोरगेलासा होता, मनानं वाईट नव्हता. तोकूनं त्याला विचारलं, छावणीत कसं शिकवतात. "एका दिवसात शिकवतात, आजी. तीन पाय बांधायचे, डोळ्यांवर पोतं, आणि डाव्या अंगावर दांडकं. नडगी फुटेपर्यंत. उभा राहायला शिकला की सोडायचं. दहातला एखादा शिकत नाही." त्या एकाचं काय करतात, हे त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

घरी येईपर्यंत तिला रडू आवरेना. घोडा वाचवायला निघाले होते आणि माझ्याच हातानं त्याला माराच्या तोंडी दिलं. दुसऱ्या कुणी नाही, मी केलं हे. अंगणात आल्याबरोबर तिनं डोळे पुसले, दोर कमरेला खोचला आणि आओच्या डावीकडे जाऊन उभी राहिली.

आओ थरथरला. वर्षभर ह्या बाजूला तोकू फिरकलीच नव्हती, इथं फक्त भीती होती, आणि तीसुद्धा तिनंच दिलेली. ती हलली नाही. गुणगुणत राहिली. पहिला दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी तिनं मानेवर हात ठेवला, तर त्यानं तिला दांडीवर आपटलं, खांदा काळानिळा झाला. ती पुन्हा तिथंच उभी. वाळलेला चिखल नखानं एकेक खपली करून काढला. तिसऱ्या दिवशी पोतं. चौथ्या दिवशी वाळू, ओंजळ-ओंजळ नाही, घमेल्यानं, कारण वेळ कुठं होता. कानजिरो दारात येऊन बसायचा आणि पेंढा कापून द्यायचा. पाचव्या दिवशी उजाडताना तोकू डावीकडून आओच्या पाठीवर चढली. त्याचा हा पहिला स्वार, पंचावन्न वर्षांची बाई. आओनं एकदा मान मागं करून तिच्या गुडघ्याचा वास घेतला आणि चालू लागला. तशीच ती त्याच्यावर बसून स्टेशनात आली.

कप्तानानं पाहिलं. मग स्वतः डावीकडून रिकिबीत पाय घालून चढला. आओ उभा राहिला, कान पुढं करून.

"पाच दिवसांत?" तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. खाली उतरून त्यानं कारकुनाच्या वहीवर बोट ठेवलं. "ह्याला छावणीत अडकवायला नको. थेट बंदरावर, आघाडीच्या जहाजात. आजच्या गाडीनं."

तोकूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं सोबत आलेल्या कानजिरोची बाही पकडली.

गाडीचे डबे लागले होते, आसपासच्या गावांतले मिळून बारा घोडे रांगेत होते. फळीवरून पहिला घोडा चढेना. चार शिपाई मागून दांडकी हाणत होते आणि घोडा किंचाळत होता. रांगेतले बाकीचे अकरा ते ऐकून खूर रोवून बसले. आओच्या अंगावर घाम फुटला.

तोकूनं बाही सोडली. पुढं होऊन शिपायाच्या हातून त्या घोड्याचा दोर घेतला. शिपायांनी कप्तानाकडे पाहिलं, कप्तानानं मान हलवली. ती घोड्याच्या कानाशी गुणगुणली, पाठ फिरवून फळीवर चढली, आणि घोडा तिच्या मागोमाग गेला. मग ती खाली येऊन दुसऱ्याकडे गेली. आओला तिनं शेवटी नेलं. दुपार व्हायच्या आत बाराही घोडे तिनं आपल्या हातानं चढवले, आणि त्यानंतर एकालाही मार बसला नाही.