पावडर चोरली म्हणा

बहात्तरच्या दुष्काळात केवळाबाईचा नवरा भीमा थंडीतापानं गेला. उदगीरकडच्या त्यांच्या गावात तेव्हा पाझर तलावाचं काम चालू होतं. प्यायला पाणी नव्हतं, पण मुरूम खणून पडलेल्या खड्ड्यांत टँकरचं सांडलेलं पाणी साचायचं आणि त्यावर डासांचे थवे बसायचे. सरकारी माणसं डीडीटी फवारायला आली, त्यांनी पावडरीची पोती सरपंच वीरण्णाच्या वाड्यात ठेवली. निम्म्या गावात फवारणी झाली. केवळाबाई राहायची त्या बौद्धवाड्याची पाळी आली तेव्हा वीरण्णा दारात उभा राहून म्हणाला, पावडर सरली.

केवळाबाई त्याच्याच गोठ्यात शेणकूर करायची. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या भिंती, गव्हाणी, दाण्याची पोती सगळं पांढरंफेक होतं. वास त्याच पावडरीचा होता. ती काही बोलली नाही, कारण बोलली असती तर तलावावरची हजेरीसुद्धा गेली असती. त्याच चैत्रात भीमा भर उन्हात गोधडी पांघरून कुडकुडला, मग बरळायला लागला, आणि दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत आटोपला.

केवळाबाईनं हे कुणाजवळ उकरून काढलं नाही, पण विसरलीही नाही. भाकरी थापताना, लेकीचं लग्न करताना, ती एकच गोष्ट पोटात घेऊन वागत होती.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी कचेरी आली, नवी माणसं आली. मलेरियाचा कर्मचारी मन्मथ गावोगाव फिरून गोळ्या ठेवायला माणूस शोधत होता. ताप आला की रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि गोळी समोर गिळायला लावायची, एवढंच काम. केवळाबाईनं ते मागून घेतलं. लोकांना वाटलं, भीमासाठी करते. ते निम्मंच खरं होतं.

तिसऱ्या पावसाळ्यात वीरण्णाला ताप भरला. त्यानं गडी पाठवला. केवळाबाईनं त्याला मोकळ्या हातानं परत लावलं. मन्मथनं तिला तापकऱ्याच्या घरी जायलाही सांगितलं होतं, पण ती उठली नाही.

संध्याकाळी वीरण्णा घोंगडी पांघरून बौद्धवाड्यात आला. जन्मात पहिल्यांदा. ओट्यावर टेकला. तिनं त्याच्या बोटाला सुई टोचली, जरा जास्तच खोल, आणि गोळ्या तळहातावर ठेवल्या. त्यानं गड्याला घरून तांब्या आणायला सांगितलं.

“पाणी माझ्या घरचं,” ती म्हणाली. “न्हाईतर गोळ्या ठेवा खाली.”

आजूबाजूच्या दारांत बायका येऊन उभ्या होत्या. वीरण्णाचे दात वाजत होते. त्यानं तिचा पेला तोंडाला लावला. त्या रात्री केवळाबाई पोटभर जेवली.

एवढ्यावर भागलं नाही. फवारणी आली तेव्हा तिनं मन्मथला सांगून सुरुवात बौद्धवाड्यापासून करवली. भिंत भिंत भिजवून घेतली, रिकाम्या झोपड्यासुद्धा सोडल्या नाहीत. पंप वीरण्णाच्या वाड्यापाशी पोचला तोवर पोती झटकून झाली होती. मन्मथ पावडर परत आणून मारू म्हणाला, तिनं त्याला पुढच्या गावची घाई लावून दिली. आणि वीरण्णाला स्वतः सांगायला गेली, पावडर सरली. त्याचा चेहरा पडला, तेव्हा तिला कळलं की त्यालाही सगळं आठवतंय.

श्रावणात बातमी आली ती मात्र वीरण्णाची नव्हती. त्याची सून नीलम्मा, कर्नाटकातून आलेली, पोटुशी पोर. दोन दिवस तापानं फणफणत होती. ऐकल्याबरोबर केवळाबाईला आधी बरं वाटलं. मग चुलीपुढं बसल्या बसल्या घास तोंडात फिरायला लागला. या पोरीनं कधी कुणाचं काय नेलं होतं?

गोळ्या घेऊन ती निघाली. वाड्याच्या मागच्या दारानं ती वर्षानुवर्षं आत गेली होती, आज पुढच्या दारानं गेली. नीलम्मा खाटेवर मुटकुळं करून पडली होती, कन्नडमध्ये आईला हाक मारत होती. केवळाबाईनं तिला मांडीवर टेकवून गोळ्या दिल्या, उलटी झाली तसं थांबून पुन्हा दिल्या. मग गाडी जुंपून उदगीरला दवाखान्यात न्यायला लावलं. गाडीत तीच सोबत बसली.

पोरगी वाचली, पोटातलं वाचलं. परत आल्यावर वीरण्णा लुगडं घेऊन पुढं झाला. म्हणाला, “केवळाबाई, भीमाच्या टायमाला माझं चुकलं.”

“चुकलं न्हाई,” ती म्हणाली. “चोरली. पावडर चोरली म्हणा.”

वीरण्णानं सुनेकडं पाहिलं, दारातल्या गड्यांकडं पाहिलं. खाली मान घालून म्हणाला, “चोरली.”

“मोठ्यानं. तिला कळू द्या, तुमचं कुठलं पाप तिच्या अंगावर आलं होतं ते.”

तो मोठ्यानं म्हणाला. नीलम्मानं पदर तोंडाला लावला. केवळाबाईनं लुगड्याला हात लावला नाही. सुनेचा ताप पाहिला, उद्याची गोळी उद्या आणते म्हणाली, आणि वीरण्णाशी पुढं एक शब्द न बोलता पुढच्याच दारानं बाहेर पडली.