फूल म्हणाले मला

परवा हजरतगंजच्या सिग्नलला एका बाईनं मोगऱ्याचा गजरा गाडीच्या खिडकीशी धरला. "फूल ले लो, दीदी." मी काच वर केली, पण वास आत येऊन बसला होता.

आम्ही साताऱ्याहून लखनौला येऊन जेमतेम महिना झाला होता, मी चौथीत होते. बाबांच्या बँकेतले साहेब सपत्नीक जेवायला आले होते. साहेबीणबाईंनी आईला विचारलं, "बच्चों की शिक्षा कैसी चल रही है?"

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे आईला कुठलं माहीत! ती म्हणाली, "हम शिक्षा नहीं करते जी, प्यार से समझाते हैं."

सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्यानं. "शी इज अ फूल," ते म्हणाले. आईही हसली आणि पुऱ्या तळायला उठली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. मी इंग्रजी शाळेतली, मला अर्थ कळला होता. तेल धुरावलं होतं. तिनं वळून कणकेचा हात माझ्या तोंडावर दाबला, इतका की ओठ दातांवर रुतले. तिच्या केसांतला मोगरा अगदी नाकाशी आला.

"फूल म्हणाले मला. ऐकलंस ना?"

मी मान हलवली.

बिचारीला कळलंच नाही, असं मी आयुष्यभर धरून चालले. ती गेली, बाबांनी तिच्यावर फुलं वाहिली, तेव्हाही मला तेच वाटलं.

परवा बंद काचेआड पहिल्यांदा लक्षात आलं. तिनं तोंड दाबलं, तेव्हा मी अजून काही बोललेच नव्हते.