वाऱ्याकडची होडी

खाडीत शिडाच्या दोन होड्या एकाच दिशेने जाताना फार जवळ आल्या. वाऱ्याकडची होडी वळली आणि तिने दुसरीला वाट दिली. धक्क्यावर माझ्या शेजारी बसलेले आमचे हे म्हणाले, "नियमच आहे तसा. वारा जिला आधी मिळतो, तिनं बाजूला व्हायचं. पलीकडचीचा वारा ती अडवत असते ना."

होड्यांचं त्यांना सगळं कळतं.

त्यांच्या दर बदलीला माझी शाळेतली नोकरी सुटली. वारा कायम त्यांच्या शिडात. माझ्यापर्यंत येईतो तो पडलेला असायचा. तेव्हा कुठे गेला होता हा नियम, असं मी विचारणार होते. तेवढ्यात ते "चल" म्हणत उठले. धक्क्याची वाट अरुंद होती. मी अंग चोरून बाजूला झाले आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.